हिस्टोन शोधणारं प्रतिपिंड नेमकं काय पाहतं?

प्रयोगशाळेतल्या उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये करंगळीच्या पेराएवढी एक कुपी असते. आत शंभर मायक्रोलिटर पारदर्शक द्रव, म्हणजे जेमतेम दोन थेंब. त्यात ग्लिसरॉल मिसळलेलं असल्यामुळे इतक्या थंडीतही तो गोठत नाही. कुपीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं : 'अँटी-हिस्टोन एच३, माउस मोनोक्लोनल, फक्त संशोधनासाठी.' प्रयोगशाळेत नव्याने आलेला विद्यार्थी ते वाचतो आणि गृहीत धरतो की या दोन थेंबांना हिस्टोन ओळखता येतं.

ते खरं आहे, पण अर्धंच. कुपीतल्या प्रतिपिंडाला, म्हणजे अँटीबॉडीला, अख्खं हिस्टोन कधीच दिसत नाही. त्याला दिसतो हिस्टोनच्या अंगावरचा पाच-सात अमिनो आम्लांचा एक तुकडा. तो तुकडा झाकला गेला, कापला गेला किंवा त्याच्यावर एखादा रासायनिक गट येऊन बसला, की समोर हिस्टोनचा ढीग असला तरी प्रतिपिंडाच्या लेखी तिथे काहीच नाही. उलट तसाच तुकडा दुसरीकडे कुठे असला, तर ते तिथेही बिनदिक्कत जाऊन चिकटतं. हिस्टोनच्या प्रयोगांतला निम्मा मनस्ताप या एका गोष्टीतून येतो. म्हणून ही कुपी जरा उघडून पाहू.

आधी हिस्टोन. माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ ताणला तर सुमारे दोन मीटर भरतो. तो ज्या केंद्रकात राहतो त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमीच असतो. एवढा लांब धागा इतक्या लहान जागेत गुंता न होता ठेवायचा तर तो कशावर तरी गुंडाळायला हवा, आणि ती रिळं म्हणजे हिस्टोन प्रथिनं. डीएनएवर ऋणभार असतो. हिस्टोनमध्ये लायसिन आणि अर्जिनिन ही धनभारित अमिनो आम्लं ठासून भरलेली असतात, त्यामुळे दोघं एकमेकांना घट्ट धरतात. एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ या चार प्रकारांचे प्रत्येकी दोन रेणू मिळून आठांचं एक रीळ होतं. त्याच्याभोवती डीएनएच्या १४७ बेस-जोड्या (डीएनएच्या शिडीच्या १४७ पायऱ्या म्हणा) साधारण पावणेदोन फेरे घेतात. या जोडगोळीला न्यूक्लिओसोम म्हणतात. एच१ हा पाचवा प्रकार बाहेरून येऊन धागा जिथे रिळात शिरतो आणि बाहेर पडतो, तिथे बसतो.

हिस्टोन हे नाव जुनं आहे. आल्ब्रेख्त कोसेल यांनी १८८४ मध्ये पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशींमधून ही प्रथिनं वेगळी केली. पक्ष्यांच्याच का? कारण आपल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, पक्ष्यांच्या असतं. रिळाची कल्पना मात्र रॉजर कॉर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडली, आणि त्याचं अणूअणूनिशी चित्र करोलिन लुगर, टिमोथी रिचमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये क्ष-किरणांच्या मदतीने काढलं.

त्या चित्रात एक गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी आहे. रीळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुळगुळीत नळकांडं येतं, पण हिस्टोनच्या रिळातून शेपट्या बाहेर लोंबत असतात. प्रत्येक हिस्टोनची सुरुवातीची काही अमिनो आम्लं घडीत न बसता डीएनएच्या फेऱ्यांमधून बाहेर डोकावतात. या शेपट्यांवर पेशी खुणा करते : कुठे अ‍ॅसिटिल गट, कुठे एक, दोन किंवा तीन मिथाइल गट, कुठे फॉस्फेट. या खुणांचा जनुकं चालू-बंद होण्याशी संबंध असावा, हे व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ मध्येच सुचवलं होतं. आज आपल्याला माहीत आहे की एच३च्या शेपटीतल्या चौथ्या लायसिनवर तीन मिथाइल असतील, तर ती जागा बहुधा चालू जनुकाच्या तोंडाशी असते. सत्ताविसाव्या लायसिनवर तीन मिथाइल असतील तर तिथलं जनुक गप्प केलेलं असतं. आणि त्याच सत्ताविसाव्यावर मिथाइलऐवजी अ‍ॅसिटिल असेल तर अर्थ उलटा होतो, तो भाग कामात असतो. मुक्काम एकच, पाटी बदलली की अर्थ बदलला.

त्यामुळे हिस्टोनसाठी प्रतिपिंडं दोन कामांची लागतात. एक, खुणा काहीही असोत, एच३ किती आहे एवढंच सांगणारी. दुसरी, फक्त अमुक जागेवरची अमुक खूण ओळखणारी. कुपी घेताना आपल्याला यांतली कुठली हवी, हे आधी स्वतःला विचारावं लागतं. हे सांगायची गरज का पडते, असं वाटेल. पडते.

आता हे प्रतिपिंड बनवायचं कसं? एरवी कृती सरळ आहे : प्रथिन उंदराला टोचा, उंदराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्याला परकं समजून प्रतिपिंडं तयार करेल. हिस्टोनच्या बाबतीत इथेच घोडं अडतं. हिस्टोन हे सजीवांमधलं सर्वांत कमी बदललेल्या प्रथिनांपैकी एक आहे. वाटाण्याचं एच४ आणि गायीचं एच४ शेजारी ठेवलं तर १०२ अमिनो आम्लांपैकी फक्त दोन वेगळी निघतात! माणसाचं हिस्टोन उंदराला टोचलं तर उंदीर म्हणणार, हे तर माझंच आहे. आपल्याच प्रथिनाविरुद्ध हत्यार उपसू नये, असंच शरीराचं शिक्षण झालेलं असतं. (हे शिक्षण बिघडतं तेव्हा काय होतं, तेही डॉक्टरांना ठाऊक आहे. हायड्रलाझिन किंवा प्रोकेनामाइड या औषधांमुळे काही रुग्णांत ल्युपससारखा आजार उद्भवतो, आणि त्यांच्या रक्तात स्वतःच्याच हिस्टोनविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात.)

यावर तोडगा असा : अख्खं हिस्टोन टोचायचंच नाही. त्याच्या शेपटीचा दहा-पंधरा अमिनो आम्लांचा तुकडा कृत्रिमरीत्या बनवायचा, हवी ती खूण हव्या त्या जागी त्यावर आधीच बसवायची आणि तो एखाद्या मोठ्या, उंदराला पूर्णपणे अनोळखी प्रथिनाला जोडायचा. त्या अनोळखी प्रथिनामुळे शरीर खडबडून जागं होतं आणि त्याच्या जोडीने आपल्या तुकड्याविरुद्धही प्रतिपिंडं तयार होतात.

पण उंदराच्या रक्तात एकाच तऱ्हेचं प्रतिपिंड नसतं. शेकडो वेगवेगळ्या बी-पेशी आपापल्या आवडीचा कोपरा पकडून आपापलं प्रतिपिंड सोडत असतात. हे मिश्रण म्हणजे पॉलिक्लोनल. ते वापरता येतं, पण तो प्राणी संपला की तो साठा संपला, आणि पुढच्या प्राण्याचं मिश्रण वेगळं. एकच बी-पेशी वेगळी काढून वाढवावी म्हटलं तर ती काचपात्रात थोड्याच दिवसांत मरते.

१९७५ मध्ये केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी यावर जो उपाय काढला, तो मला आजही जीवशास्त्रातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटतो. उंदराच्या प्लीहेतल्या बी-पेशी घ्यायच्या. त्यांना प्रतिपिंड बनवता येतं, पण जगता येत नाही. दुसरीकडे मायलोमा या कर्करोगाच्या पेशी घ्यायच्या. त्यांना मरण नाही, पण उपयोगाचं प्रतिपिंड बनवता येत नाही. दोघींचं मीलन घडवायचं. झालेल्या संकराला हायब्रिडोमा म्हणतात. यात खरी मेख पुढे आहे. मिश्रणात न जुळलेल्या मायलोमा पेशीही असतात, आणि त्या बेफाम वाढून सगळं पात्र व्यापून टाकतील. म्हणून मायलोमा मुद्दाम अशा निवडतात की डीएनएचे घटक पुन्हा वापरात आणणारं एक विकर (एन्झाइम) त्यांच्यात नसतं. मग अमिनोप्टेरिन घातलेल्या माध्यमात सगळ्या पेशी ठेवायच्या. अमिनोप्टेरिन डीएनएचे घटक नव्याने बनवण्याची वाट बंद करतं. उरते फक्त पुनर्वापराची वाट, आणि तिची किल्ली बी-पेशीकडे असते. एकट्या मायलोमा उपाशी मरतात, एकट्या बी-पेशी वयाने मरतात, तगतो तो फक्त संकर.

यानंतरचं काम चिकाटीचं. ९६ खळग्यांच्या तबकड्यांत पेशी इतक्या विरळ करून टाकायच्या की एका खळग्यात सरासरी एकाहून कमीच पेशी पडेल. प्रत्येक खळग्यातली वसाहत एकाच पेशीची संतती असावी, हा उद्देश. मग कुठल्या खळग्यातला द्रव आपल्या तुकड्याला चिकटतो ते तपासायचं, आणि त्याहून महत्त्वाचं, खूण नसलेल्या तुकड्याला चिकटत नाही ना, तेही तपासायचं. या चाळणीतून उतरलेली वसाहत म्हणजे 'क्लोन'. तिचं प्रतिपिंड ते मोनोक्लोनल. कोलर आणि मिलस्टाइन यांना १९८४ मध्ये नोबेल मिळालं, नील्स येर्ने यांच्यासह.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'मोनोक्लोनल' हा शब्द ऐकला की लोक 'अचूक' असा अर्थ घेतात. मोनोक्लोनलचा अर्थ आहे एकसारखं. कुपीतला प्रत्येक रेणू त्याच एका तुकड्याला धरतो. आता समजा, गर्दीत एका माणसाला शोधायचंय आणि आपल्याला एवढंच ठाऊक आहे की त्याच्या डाव्या कानाखाली तीळ आहे. मोनोक्लोनल हा असा शोधणारा आहे की ज्याला तिळापलीकडे काहीच दिसत नाही. माणसाने मफलर गुंडाळला तर तो सुटला, आणि तसाच तीळ असलेला दुसरा कुणी आला तर तो बिचारा नाहक सापडला. शोधणारा दर वेळी सारखाच वागेल, याची खात्री आहे. तो बरोबर माणूस पकडेल, याची नाही.

हा तीळ हिस्टोनमध्ये कुठे घोटाळा करतो, ते फार छान दाखवता येतं. एच३च्या शेपटीत नवव्या जागी लायसिन आहे. त्याच्या आजूबाजूचा क्रम असा : अ‍ॅलानिन, अर्जिनिन, लायसिन, सेरिन. आता सत्ताविसाव्या जागेपाशी या. तिथला क्रम : अ‍ॅलानिन, अर्जिनिन, लायसिन, सेरिन. अक्षर न् अक्षर तेच. दोन्ही लायसिनांवर तीन-तीन मिथाइल बसू शकतात आणि दोन्ही खुणा जनुक गप्प करण्याच्याच, पण कारभार वेगवेगळा : नवव्यावरची खूण गुणसूत्रांच्या कायमस्वरूपी दडपलेल्या भागांत, सत्ताविसाव्यावरची मुख्यतः विकासाच्या ओघात गरजेप्रमाणे बंद ठेवलेल्या जनुकांवर. प्रतिपिंडाची पकड या चार अमिनो आम्लांपुरतीच असेल, तर त्याला नऊ आणि सत्तावीस यांतला फरक कळायचा कसा? त्याच्या पकडीत बाजूचं आणखी एखादं वेगळं अमिनो आम्ल यायला हवं, तरच निभाव लागतो.

मफलरचा प्रकारही इथेच आहे. नवव्या लायसिनच्या लगेच पुढचं दहावं सेरिन पेशीविभाजनाच्या वेळी फॉस्फेट धारण करतं. नवव्यावरचे मिथाइल तिथेच असतात, पण शेजारी फॉस्फेट येऊन बसल्यामुळे काही प्रतिपिंडांना तिथे पोचताच येत नाही. निकालात दिसतं की विभाजनाच्या वेळी मिथाइलची खूण नाहीशी झाली. खूण कुठेही गेलेली नसते, ती फक्त आडोशाला असते. आणि काही पेशींत तर एच३ची शेपूट विकरांनी चक्क कापलेलीही असते. म्हणून एच३चं एकूण प्रमाण मोजायचं असेल, तर शेपटीऐवजी दुसऱ्या टोकाला धरणारं प्रतिपिंड घेणं शहाणपणाचं.

आता कुपी प्रत्यक्ष वापरताना काय होतं ते पाहू. सर्वांत नेहमीचा प्रयोग म्हणजे वेस्टर्न ब्लॉट. पेशी फोडायच्या, प्रथिनं जेलमधून विजेच्या दाबाखाली पळवून आकारमानानुसार वेगळी करायची, मग ती एका पातळ पडद्यावर उतरवायची आणि त्या पडद्यावर प्रतिपिंड सोडायचं.

माझा पहिला एच३चा ब्लॉट कोरा आला होता. एकही बँड, म्हणजे प्रथिनाची रेघ, नाही. प्रतिपिंड खराब आहे असं मी ठरवून टाकलं, आणि दुसरी कुपी मागवायच्या बेतात होतो. शेजारच्या बाकावरच्या ताईंनी एवढंच विचारलं, "पेलेटचं काय केलंस?" पेशी फोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या की तळाशी पांढुरका, चिकट गोळा बसतो. नेहमीच्या प्रथिनांसाठी आपण वरचा स्वच्छ द्रव घेतो आणि गोळा फेकून देतो. हिस्टोन असतात डीएनएला घट्ट बिलगलेले, आणि तो गोळा म्हणजे बराचसा डीएनएच. मी माझं सगळं हिस्टोन कचऱ्याच्या डब्यात टाकून उरलेल्या द्रवात ते शोधत बसलो होतो.

याचा उपाय कोसेल यांच्या काळाइतकाच जुना आहे : आम्ल. केंद्रकं सौम्य गंधकाम्लात भिजत ठेवली की हिस्टोन डीएनएपासून सुटून आम्लात विरघळतात आणि बाकीची बहुतेक प्रथिनं साका होऊन खाली बसतात. इतक्या सोप्या रीतीने हाती लागणारी प्रथिनं थोडीच. एवढ्यावर भागत नाही मात्र. हिस्टोन आकाराने लहान. एच३ जेलवर सुमारे १७ किलोडाल्टनला (हे रेणूच्या वजनाचं एकक) दिसतं, एच४ त्याच्याही खाली. ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या नेहमीच्या पडद्यातून ही लहान प्रथिनं आरपार निघून जाऊ शकतात. म्हणून ०.२ मायक्रॉनचा पडदा घ्यायचा आणि उतरवण्याचा वेळ कमी ठेवायचा. मग पडद्याच्या रिकाम्या जागा दुधाच्या पावडरीच्या किंवा अल्ब्युमिनच्या द्रावणाने भरायच्या, म्हणजे प्रतिपिंड भलतीकडे चिकटत नाही. त्यावर आपलं प्रतिपिंड, साधारण हजारपट पातळ करून. त्यानंतर उंदराच्या प्रतिपिंडाला धरणारं दुसरं प्रतिपिंड, ज्याला प्रकाश निर्माण करणारं विकर जोडलेलं असतं. अंधाऱ्या पेटीत १७ च्या खुणेपाशी एकच ठसठशीत काळी रेघ उमटली की दिवस सार्थकी लागतो.

आणि नेमकी हीच वेळ सुतावरून स्वर्ग न गाठण्याची. एक रेघ योग्य उंचीवर आली म्हणजे प्रतिपिंडाने एच३ धरलं, एवढं मानायला हरकत नाही. पण त्याने नववी खूण धरली की सत्ताविसावी, हे ती रेघ सांगूच शकत नाही, कारण दोन्ही खुणा असलेलं प्रथिन तेच, आकारमान तेच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासणीत हिस्टोनच्या खुणांसाठीची दोनशेहून अधिक प्रतिपिंडं पारखली गेली. त्यांतली पावाहून जास्त प्रतिपिंडं नेमकेपणाच्या कसोटीला उतरली नाहीत. त्यात पॉलिक्लोनल होती तशी मोनोक्लोनलही होती.

मग खात्री कशी करायची? इतर प्रथिनांसाठी हमखास उपाय असतो : त्याचं जनुक पेशीतून काढून टाका, प्रतिपिंड खरं असेल तर रेघ नाहीशी होईल. हिस्टोनच्या बाबतीत हा मार्गच खुंटतो. माणसात एच३ची जनुकं एक-दोन नाहीत, बऱ्याच प्रती आहेत, आणि सगळ्या काढल्या तर पेशीच उरणार नाही. म्हणून आडवळणाने जावं लागतं. सत्ताविसाव्यावर मिथाइल चढवणारं ईझेडएच२ हे विकर औषधाने थोपवायचं. खूण ओळखणारं प्रतिपिंड खरं असेल तर रेघ फिकी पडायला हवी, आणि एकूण एच३ची रेघ जशीच्या तशी राहायला हवी. अ‍ॅसिटिलच्या प्रतिपिंडासाठी उलट करायचं : पेशींना सोडियम ब्युटिरेट द्यायचं. ते अ‍ॅसिटिल काढणाऱ्या विकरांना अडवतं, म्हणजे रेघ गडद व्हायला हवी. याखेरीज वेगवेगळ्या खुणा बसवलेले शेकडो तुकडे एका काचपट्टीवर ठिपक्यांच्या रूपाने मांडून, प्रतिपिंड कुठेकुठे चिकटतं ते एका झटक्यात पाहता येतं. कुपीबरोबरच्या माहितीपत्रकात असं चित्र असेल तर ते आधी पाहावं, रंगीत जाहिरात नंतर.

एका प्रयोगात चाललेलं प्रतिपिंड दुसऱ्यात चालेलच असंही नाही. ब्लॉटमध्ये प्रथिन उलगडून सरळ झालेलं असतं, सगळे तुकडे उघडे. पण एखादं जनुक कुठल्या खुणेच्या रिळावर बसलंय हे शोधण्यासाठी पेशी फॉर्माल्डिहाइडमध्ये ठेवून डीएनए आणि हिस्टोन जागच्या जागी जखडतात, मग धाग्याचे तुकडे करून प्रतिपिंडाने हवी ती रिळं बाहेर ओढतात. तिथे हिस्टोन घडीत असतं, डीएनएमध्ये गुरफटलेलं असतं, आणि फॉर्माल्डिहाइड लायसिनांशीच जुळत असल्यामुळे तीळच पुसला जाण्याचा धोका असतो. सूक्ष्मदर्शकाखालच्या कामाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे माझं आवडतं प्रतिपिंड म्हणजे एच२एएक्स या प्रकाराच्या १३९व्या सेरिनवरचं फॉस्फेट ओळखणारं. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की काही मिनिटांतच त्या जागेच्या आसपासच्या रिळांवर ही खूण पसरते. पेशींवर किरणांचा मारा केला आणि हे प्रतिपिंड सोडलं की काळ्या केंद्रकात चकाकणारे ठिपके दिसतात, आणि प्रत्येक ठिपक्याशी धागा तुटलेला असतो. ते बोटाने मोजता येतात.

हायब्रिडोमावरचा विश्वासही आता पूर्वीइतका डोळे झाकून ठेवला जात नाही. या पेशी वर्षानुवर्षं वाढवताना गुणसूत्रं गमावू शकतात, आणि काही हायब्रिडोमा तर एकाच वेळी एकाहून अधिक प्रतिपिंड-साखळ्या बनवताना आढळले आहेत. म्हणजे नाव मोनो, कुपीत भेसळ. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी चांगल्या क्लोनचा जनुकीय क्रम वाचून घेतात आणि तो दुसऱ्या पेशींत घालून प्रतिपिंड बनवतात. क्रम लिहून ठेवला की पेशी मेल्या तरी प्रतिपिंड हरवत नाही.

आणि कधीकधी एकाच अमिनो आम्लाचा फरक ओळखणारा हा हट्टीपणा जीवनमरणाच्या कामी येतो. लहान मुलांच्या मेंदूच्या मध्यभागी होणाऱ्या एका जीवघेण्या कर्करोगात एच३च्या सत्ताविसाव्या जागी लायसिनऐवजी मेथिओनिन आलेलं असतं, हे २०१२ मध्ये लक्षात आलं. अक्षरशः 'ध'चा 'मा'. बदललेलं हिस्टोन पेशीतल्या एकूण एच३चा थोडासाच भाग असतं, पण ते मिथाइल चढवणाऱ्या विकराचंच काम अडवतं, आणि चांगल्या एच३वरची सत्ताविसावी खूणही जवळपास सगळीकडून उतरते. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या गाठीला स्वतंत्र नाव आहे. निदानासाठी पॅथॉलॉजिस्ट अशा गाठीच्या दोन पातळ चकत्या घेतात. एकीवर मेथिओनिन ओळखणारं प्रतिपिंड, दुसरीवर तीन मिथाइलची खूण ओळखणारं. पहिल्या चकतीत गाठीच्या पेशींची केंद्रकं तपकिरी होतात, दुसरीत त्याच पेशी कोऱ्या राहतात. दुसऱ्या चकतीत मग नजर शोधते ती गाठीतून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या. त्यांच्या भिंतीतल्या पेशी रुग्णाच्या स्वतःच्या, निरोगी. त्यांची केंद्रकं तपकिरी दिसली की कळतं, प्रतिपिंड शुद्धीवर होतं आणि गाठीच्या पेशींत खूण खरोखरच नाही. रक्तवाहिन्याही कोऱ्या दिसल्या तर ती चकती बाजूला ठेवायची आणि नवीन कापायची.